‘कुठलीही क्ले गरम केली की कडक होते’ म्हणे! त्या मेसेजमधल्या ट्रिक्स एकेक करून बघू

कस्टम फिगर (आवडत्या पात्रांच्या छोट्या मूर्ती, स्वतः घडवलेल्या किंवा तयार खेळण्यावर बदल करून केलेल्या) करणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय. थोडक्यात असा: क्ले कुठलीही असो, आतलं पाणी उडालं की ती कडक होते, ओव्हन नसेल तर उकळत्या पाण्यात टाका नाहीतर हेअर ड्रायर मारा, घाई असेल तर टेंपरेचर डबल आणि वेळ अर्धा, बाहेर काढल्यावर मऊ लागली तर परत भाजा, जुन्या ॲक्शन फिगरवर थेट क्ले लावून सगळंच ओव्हनमध्ये घाला, मऊ पडली तर फ्रिजमध्ये ठेवा, आणि शेवटी नेलपॉलिशचा कोट. यातली फ्रिजची ट्रिक सोडली तर बाकी सगळ्यात घोळ आहे, आणि बराचसा घोळ पहिल्याच वाक्यातून सुरू होतो.

‘पाणी उडालं की कडक होते.’ हे फक्त एअर-ड्राय क्लेचं खरं आहे, त्यात पाणी असतं, ते उडतं, म्हणूनच ती आकसते आणि तडकते. पॉलिमर क्लेमध्ये पाणी नसतंच हो! ती म्हणजे पीव्हीसीची बारीक पावडर आणि तिला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर, उष्णता मिळाली की पावडरचे कण तो शोषून फुगतात आणि एकमेकांत मिसळून सलग प्लास्टिक होतं. म्हणजे ती वाळत नाही, वितळून जुळते म्हणा हवं तर, त्यामुळे उन्हात महिनाभर ठेवून ती बेक केल्यासारखी कधीच होणार नाही. तिसरी एपॉक्सी पुट्टी, तिला ना ऊन लागतं ना ओव्हन, दोन भाग मळले की केमिकल रिॲक्शनने आपोआप कडक होते. तीन वस्तू, तीन वेगळी कारणं, आणि मेसेजवाल्याने तिघींना एकच औषध दिलंय.

‘उकळतं पाणी किंवा हेअर ड्रायर पुरे.’ पाणी उकळतं 100 अंशाला, त्याच्या वर उघड्या भांड्यात जातच नाही. सुपर स्कल्पी या ब्रँडच्या पॉलिमर क्लेला लागतात 130 अंश सेल्सियस, आणि दर 6 मिलिमीटर जाडीला 15 मिनिटं. फिमो या दुसऱ्या ब्रँडचं गणित वेगळं, 110 अंशाला अर्धा तास, म्हणून पाकिटावरचं वाचा, दुसऱ्याच्या क्लेचा आकडा उचलू नका. कमी गरमीत वरून कडक लागतं पण आतले कण नीट जुळलेले नसतात, आणि मग सगळं छान रंगवून झाल्यावर तलवार धरलेला हात मनगटातून कट्कन तुटतो. ड्रायर तर एका जागी गरम दुसऱ्या जागी थंड. हां, डोळे किंवा दात बसवताना ते हलू नयेत म्हणून हीट गनने तेवढाच भाग जरा सेट करतात, ते ठीक, पण पूर्ण बेकिंग नंतर करावंच लागतं.

‘टेंपरेचर डबल, वेळ अर्धा.’ ही मात्र खरंच धोक्याची आहे. 130 चं डबल म्हणजे 260, तिथे पीव्हीसी भाजत नाही, जळतं, आणि हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, जो डोळ्याला आणि घशाला झोंबतो. जळकट वास आला तर ओव्हन बंद, खिडक्या उघडा, खोलीबाहेर व्हा. वाढवायचाच असेल तर वेळ वाढवा, योग्य टेंपरेचरला जरा जास्त वेळ राहिली तर काही बिघडत नाही, उलट कमी वेळेनेच जास्त पीस वाया जातात. ओव्हनच्या नॉबवरचा आकडा आणि आतली खरी गरमी यात बऱ्यापैकी फरक असतो त्यामुळे आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या, आणि कॉइल जवळ असेल तर पीसवर फॉइलचा तंबू करा. जाड डोकं किंवा धड असेल तर आत फॉइलचा घट्ट गोळा भरून वर क्लेचा पातळ थर द्या, सगळीकडे सारखं बेक होतं, तडे कमी जातात, आणि क्ले वाचते ते वेगळंच.

‘बाहेर काढल्यावर मऊ म्हणजे कच्ची.’ नाही. गरम असताना ती वाकतेच, पूर्ण गार होऊ द्या मग ठरवा. गार झाल्यावर पातळ पट्टी थोडी लवून परत आली तर झालं, कटकन मोडली तर बहुतेक कमी बेक झालीय, अशी परत ओव्हनमध्ये घालायला हरकत नाही. टप्प्याटप्प्याने बेक करणारे तसंही आधी डोकं, मग केस, मग कपडे असंच करतात.

‘फिगरसकट ओव्हनमध्ये घाला.’ अहो, जॉइंट सैल करायला आपण तीच फिगर गरम पाण्यात बुडवतो ना? तेवढ्यात जी मऊ होते ती 130 अंशाला काय उभी राहणार! एबीएस या कडक प्लास्टिकचे पार्टसुद्धा साधारण 105 अंशाच्या आसपास ढिले पडायला लागतात. तयार फिगरवर चिलखत, केस, दाढी चढवायची तर एपॉक्सी पुट्टीच घ्या. अपॉक्सी स्कल्प्ट (अशा पुट्टीचा एक ब्रँड) दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळायची, पहिले काही तास काम करता येतं, 24 तासांत दगड. बोट ओलं करून फिरवलं की गुळगुळीत होते, ग्लोव्ह्ज मात्र घाला. जॉइंटच्या आत जाऊ देऊ नका, नाहीतर फिगर कायमची अटेन्शनमध्ये.

फ्रिजची ट्रिक बरोबर आहे, हाताच्या उबेने लिबलिबीत झालेली कच्ची क्ले गार केली की बारीक रेघा छान निघतात. फक्त ते तात्पुरतं, कडक होण्याशी त्याचा संबंध नाही. क्ले मुळातच फार मऊ असेल तर पातळ लाटून साध्या कागदात दाबून ठेवा, जास्तीचा प्लास्टिसायझर कागद ओढून घेतो.

नेलपॉलिश नकोच. त्यातलं सॉल्व्हंट आणि क्लेमधला प्लास्टिसायझर यांचं जमत नाही, काही दिवसांनी पीस चिकट होतो आणि मग त्यावर धूळ बसते ती निघत नाही, बऱ्याच स्प्रे कॅनचंही तेच. पाण्याचे ॲक्रिलिक रंग आणि पाण्याचंच वार्निश वापरा, आणि नवीन ब्रँड असेल तर आधी बेक केलेल्या उरल्यासुरल्या तुकड्यावर लावून काही आठवडे पडू द्या, बोट चिकटलं तर तो डबा दुसऱ्या कामाला.