वीतभर अंतर

बालवर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना आली : 'निसर्ग व शेती परिचय : भातलावणी. सोबत टोपी, टॉवेल, कपड्यांचा जादा जोड आणि एक पालक आणावा.' यादीत पालक टॉवेलच्या खाली होता. टॉवेलचा निदान उपयोग झाला.

माझे आजोबा या चिखलाला कंटाळून मुंबईच्या गिरणीत गेले. त्यांचा पणतू आता माणशी पैसे भरून मावळातल्या त्याच चिखलात उतरणार होता. पिठलं-भाकरीचे वेगळे.

मी तयारीनिशी गेलो होतो. खाचरात इंद्रायणी लावायचा होता. हे वाण जवळच्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचं, आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून आलेलं, १९८७ सालचं. बसमध्ये मी एवढं सांगितलं आणि खिडकीतून कुणाला तरी म्हैस दिसली. इंद्रायणीचा विषय तिथंच संपला.

खाचराच्या बांधावर मावशी उभ्या होत्या. शेत त्यांचं, त्यामुळे काळजीही त्यांचीच. "दोन-तीन काड्या घ्यायच्या, पेरभर रोवायच्या. लय खोल गाडलं तर फुटवा येत न्हाय. पुढची चूड वीतभर लांब. आन मागं मागं सरकायचं."

"चिखल कुणी केला?" एका पोराने विचारलं.

"आमीच. चिखलणी केली का पाणी खाली झिरपत न्हाय, तणबी दबतं."

"मुद्दाम केला?"

"मंग!"

मुद्दाम चिखल करणारी मोठी माणसं जगात असतात, ही त्याच्यासाठी फार मोठी बातमी होती. त्याने आपल्या आईकडे असं काही पाहिलं की तिने मान फिरवली.

मग पोरं उतरली. वीतभर म्हणजे वीतभर! पाच वर्षांच्या माणसाची वीत ती केवढी? प्रत्येकाने बोटं ताणून इमानदारीने मोजलं आणि बघता बघता खाचराच्या एका कोपऱ्यात गालिचा तयार झाला. सूचना तंतोतंत पाळली गेल्यामुळे कुणाला रागावताही येईना. एका मुलीने लावलेलं रोप उपटून मुळं वाढली का पाहिलं, पुन्हा लावलं, पुन्हा पाहिलं. तेवढ्यात बांधाच्या बिळातून खेकडा निघाला आणि शेतीचा तास तहकूब झाला. टीचर 'कोण कोण सांगेल, याला किती पाय?' म्हणेपर्यंत तो परत बिळात. उत्तरं सहापासून शंभरपर्यंत आली.

आम्ही पालकही लावत होतो. वाकून, उलटं, गुडघाभर गाळात, एका हातात मोबाइल. एका बाबांचा बूट चिखलाने ठेवूनच घेतला. मी मागं सरकता सरकता नुकत्याच लावलेल्या ओळीवरच बसलो. पूर्ण बसलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

आम्ही हातपाय धूत असताना मावशी आणि त्यांच्या सुना निमूटपणे खाचरात उतरल्या आणि गालिचा उसवून एकेक चूड जागेवर लावू लागल्या.

"मावशी, कापणीला पण आणू का मुलांना?" टीचरनी उत्साहाने विचारलं.

मावशींनी पोरांकडे पाहिलं, मग माझ्या पँटकडे.

"पोरांस्नी आणा की," त्या म्हणाल्या, "यांना कशाला तरास?"