भाडं पाच तारखेला, पैसे क्लिअरिंगला

महिन्याच्या पाच तारखेला घरभाडं द्यायचंय आणि हातात अठ्ठावीस हजारांचा चेक आहे? अभिनंदन. तुमच्याकडे पैसे आहेत. फक्त ही गोष्ट बँकेला अजून मान्य नाही. ती मान्य होईपर्यंत कसं वागावं, कुणाशी काय बोलावं आणि कुणावर ओरडू नये, याचं थोडं मार्गदर्शन करतो. मार्गदर्शनाचा अधिकार मला गेल्याच महिन्यात बँकेने बहाल केला. त्याची फीसुद्धा परस्पर खात्यातून कापून घेतली, वर अठरा टक्के जीएसटी लावून.

सर्वात आधी, चेक देणाऱ्याला चुकूनही विचारू नका की थेट खात्यात टाकता का म्हणून. मी ज्या संस्थेचं मुद्रितशोधन करतो तिथे चेकवर दोन सह्या लागतात, अध्यक्षांची आणि खजिनदारांची. अध्यक्ष जागेवर असले की खजिनदार मुलीकडे बंगळूरला असतात आणि खजिनदार परतले की अध्यक्षांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघतं. थेट खात्यात पैसे पाठवायची सोय, म्हणजे एनईएफटी, डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, अगदी रविवारीसुद्धा चालते, असं मी तिथल्या अकाउंटंट बाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "चालत असेल हो, पण आमचे ऑडिटर चालवून घेत नाहीत." विषय संपला.

चेक शुक्रवारी भरू नये. चौथ्या शनिवारच्या आदल्या शुक्रवारी तर मुळीच भरू नये. त्यापुढे धुळवड असेल तर चेक फ्रेम करून भिंतीवर लावावा.

चेक काउंटरवर द्यायचा हट्ट करू नका. काच असते, काचेमागे माणूस असतो, माणसासमोर शिक्काही असतो. पण तो मान वर न करता "बाहेर पेटीत टाका" म्हणाला की निमूट बाहेर यायचं. पेटीजवळ सुतळीला बांधलेलं पेन असतं, त्यात शाई नसते. पेटीवर तीन भाषांत एक सूचना असते की काउंटरवर चेक देऊन पोच घेण्याची सोयही उपलब्ध आहे. ही सूचना रिझर्व्ह बँकेने लावायला लावलेली आहे, म्हणून ती असते. आमच्या शाखेत तिच्या निम्म्या भागावर विम्याचं पोस्टर चिकटवलंय. हसऱ्या आजोबांच्या खांद्याआडून फक्त "पोच" एवढा शब्द डोकावतो. तो वाचून परत आत गेलात तर काचेमागचा माणूस जेवायला गेलेला असेल. स्लिपचा तुकडा स्वतःच फाडा, खिशात ठेवा. त्यावर शिक्का नसतो, त्यामुळे त्याचा उपयोगही नसतो, पण बरं वाटतं.

आता मुख्य गोष्ट, क्लिअरिंग.

तुम्ही पेपरात वाचलं असेलच की ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी वटतो. पूर्वीसारखं दिवसातून एकदाच गठ्ठ्याने पाठवणं बंद. सकाळी नऊ ते दुपारी तीन चेक स्कॅन करून सतत पाठवत राहायचं, समोरच्या बँकेने संध्याकाळी सातपर्यंत हो-नाही कळवायचं, नाही कळवलं तर चेक मंजूर समजायचा. सेटलमेंट, म्हणजे बँकांचा आपसातला हिशोब, झालं की तासाभरात ग्राहकाच्या खात्यात पैसे. वाचून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं होतं. तुम्ही मात्र एवढ्यावर भाळू नका. घड्याळ सुरू होतं ते तुम्ही पेटीत चेक टाकल्यावर नाही, बँकेने स्कॅन केल्यावर. आणि पेटी कधी उघडायची हे ज्याच्याकडे किल्ली आहे तो ठरवतो. शुक्रवारी तो लवकर गेला होता. शनिवार चौथा, रविवार रविवारच. सोमवारी पेटी उघडली, पण तीन वाजून गेल्यावर, कारण दुपारी "सिस्टीम स्लो" होती. मंगळवारी धुळवड. बुधवारी सकाळी ॲपवर पैसे दिसले! एकूण शिल्लक एकोणतीस हजार सातशे. त्याच्याखाली बारीक अक्षरात उपलब्ध शिल्लक, सतराशे. म्हणजे पैसे दिसतात, पण हात लावायचा नाही, हलवाईच्या काचेतल्या पेढ्यांसारखे. मी तरी दिवसभर बघत बसलो. संध्याकाळी सात वाजता वरचा आकडासुद्धा सतराशे झाला.

चेक परत आला होता. कारण: "इमेज नॉट क्लिअर, प्रेझेंट अगेन विथ पेपर". चेकचा फोटो नीट आला नाही, कागद घेऊन या. आता हा फोटो मी काढला होता का? संस्थेच्या अध्यक्षांनी काढला होता? मोतीबिंदू त्यांच्या डोळ्यात आहे, बँकेच्या स्कॅनरमध्ये नाही, असं मी आजवर समजत होतो. स्कॅनर बँकेचा, माणूस बँकेचा, सिस्टीम बँकेची. आणि चेक परत आल्याचा दंड कुणाच्या खात्यातून? माझ्या. मी चेक लिहिलेला नाही, मी चेक स्कॅन केलेला नाही, मी फक्त तो पेटीत टाकला. टाकण्याचा दंड! मी फोन करून विचारलं तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तो सिस्टीम जनरेटेड चार्ज आहे." म्हणजे कुणीच लावलेला नाही. आपोआप उगवलाय, पावसाळ्यातल्या शेवाळासारखा नाही, कारण शेवाळ निदान धुऊन काढता येतं.

असो. सल्ल्याकडे वळू. मन शांत ठेवणं महत्त्वाचं.

हप्ता असेल तर तो महिन्याच्या एक तारखेला ठेवू नका. माझा लॅपटॉपचा हप्ता एक तारखेला जातो आणि गेल्या महिन्यात ती तारीख रविवारी आली. तुम्हाला वाटेल, बँक बंद, मग हप्ता सोमवारी जाईल. नाही. हप्ते ज्या यंत्रणेतून कापले जातात ती एनएसीएच, म्हणजे 'नाच', १ ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याचे सातही दिवस चालते. रविवार चालतो, धुळवड चालते, दिवाळी चालते. म्हणजे बघा, एकाच बँकेच्या एकाच इमारतीत, एकाच खात्यावर, रविवारी चेकने येणाऱ्या पैशांना सुट्टी आहे आणि जाणाऱ्या पैशांना नाही. त्या रविवारी सकाळी मी पोहे खात होतो तेव्हा मेसेज आला: हप्ता नाकारला, पाचशे नव्वद रुपये वजा. पाचशे दंड, नव्वद जीएसटी. चेक तेव्हा पेटीत झोपला होता. कर्ज देणाऱ्या कंपनीने त्यांचा वेगळा दंड लावला, आणि चार दिवसांनी हप्ता पुन्हा पाठवून पाहिला. तोही नाकारला. पुन्हा पाचशे नव्वद.

क्रेडिट कार्डावरून भाडं भरायची युक्ती आता विसरा. बहुतेक ॲपनी सप्टेंबर २०२५ मध्येच ती बंद केली.

घरमालकांना काय सांगायचं हा वेगळा विषय. बहुतेकांचे घरमालक "चेक क्लिअरिंगला गेलाय" या वाक्यावर विश्वास ठेवत नाहीत. माझे तर ठेवूच शकत नाहीत, कारण ते बँकेतूनच निवृत्त झालेत. काका खालच्या मजल्यावर राहतात. पाच तारखेला सकाळी नऊ वाजता ते जिन्यात भेटतात. भेटायला येत नाहीत, भेटतात. मी सगळं सांगितलं, पेटी, स्कॅनर, इमेज नॉट क्लिअर. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "आमच्या वेळी मुंबईत क्लिअरिंग हाऊसला खऱ्या पिशव्यांतून खरे चेक जायचे, गाडीतून. तरी तिसऱ्या दिवशी पैसे मिळायचे. तुमचं आता सगळं कॉम्प्युटरवर ना?" त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मराठीत "बरं बरं" म्हणतात. काकू मागून म्हणाल्या, "अहो, असेल त्याची अडचण." अडचण! अठ्ठावीस हजार रुपये कमावलेला माणूस जिन्यात उभं राहून अडचणीत असल्यासारखा दिसतो, ही बँकेने दिलेली खास सेवा. तिचा चार्ज मात्र अजून लागलेला नाही. पुढच्या स्टेटमेंटमध्ये बघतो.

लिव्ह अँड लायसन्सच्या करारात उशिराच्या दंडाचं कलम असेल तर ते वाचू नका. झोप लागत नाही.

दंड कापून कापून शिल्लक किमान मर्यादेच्या खाली गेली की किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड लागतो. हे मला फार आवडतं. आधी खिसा कापायचा आणि मग खिशात पैसे नाहीत म्हणून पावती फाडायची. सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांनी या एका दंडातून २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केले, असं सरकारने संसदेतच सांगितलंय. ज्यांच्या खात्यात पैसे नव्हते, त्यांच्याकडून! स्टेट बँकेने २०२० मध्ये हा दंड बंद केला, २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी केला, आणि त्यातली एकही बुडाली नाही. माझी बँक मात्र बहुधा माझ्या त्या पैशांवरच उभी आहे. ते काढून घेतले तर फळीवरचा गणपतीसुद्धा खाली येईल.

आणि शेवटचा सल्ला, शाखेत जाऊन वाद घालू नका, तुम्हाला काही कळत नाही असं समजूनच जा, कारण...

नाही. हे मी लिहिणार नाही. हाच सल्ला ऐकून आपण सगळे गप्प बसतो आणि म्हणून यांचं फावतं.

चेक परत आल्याचा चार्ज ग्राहकाची चूक असेल तरच लावायचा, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच सांगून ठेवलंय. तांत्रिक कारणाने चेक परत आला तर तो बँकेने चोवीस तासांच्या आत, ग्राहकाला खेटे घालायला न लावता, स्वतःच पुन्हा क्लिअरिंगला लावायचा आणि ग्राहकाला तसं कळवायचं. मॅनेजरसाहेब, तुम्ही काय केलंत? "चेक परत न्यायला या, नवीन स्लिप भरा, पेटीत टाका." पुन्हा त्याच पेटीत! काउंटरवर चेक दिला तर पोच नाकारता येत नाही, हाही नियम आहे, तुमच्याच पेटीवर छापलाय, तुमच्याच पोस्टरखाली. किमान शिल्लक कमी झाली तर आधी ग्राहकाला कळवायचं, महिनाभर मुदत द्यायची, मग दंड, तोसुद्धा जेवढे कमी तेवढ्याच प्रमाणात, हा नियम एप्रिल २०१५ पासून आहे. मला एकही मेसेज आला नाही. "आमच्या नव्या मुदतठेव योजनेचा लाभ घ्या" असा मात्र त्याच आठवड्यात आला.

मॅनेजरसाहेब, तुम्हाला हे नियम माहीत नाहीत असं म्हणवत नाही. तुम्हाला माहीत आहेत आणि काचेमागच्या माणसालाही माहीत आहेत. तुम्हाला हेही माहीत आहे की पाचशे नव्वद रुपयांसाठी कुणी अर्धा दिवस मोडून भांडायला येत नाही. ज्याचं भाडं थकलंय तो तर नाहीच येत, त्याला कामावर जायचं असतं. तुमचा सगळा हिशोब या माणसावर आहे. मोठ्या खातेदाराचा चेक कधी "इमेज नॉट क्लिअर" होऊन परत आलाय? त्याला चहा देता तुम्ही. त्याचा चेक पेटीत पडत नाही, हातोहात आत जातो, मी बघितलंय.

आणि वाचकहो, तुम्हीही. चार्ज कापला गेल्याचा मेसेज बघून "जाऊ दे ना" म्हणणं बंद करा. तक्रार लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या, शिक्का देत नाहीत तर ईमेल करा. बँकेला तीस दिवस मिळतात. त्यात उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, ऑनलाइन, फुकट, वकील लागत नाही. माहिती हवी असेल तर १४४४८ वर फोन करा. मी केली आहे तक्रार. शाखेला अर्जाची प्रत दिली तेव्हा सिस्टीम जनरेटेड चार्ज अचानक माणसाला दिसू लागला आणि "बघतो, रिव्हर्स होतंय का" असं ऐकू आलं.

"होतंय का" नाही. करा. चेक परतीचा चार्ज परत करा, किमान शिल्लकीचा दंड परत करा, तुमच्या उशिरामुळे हप्ता नाकारला गेला ते पाचशे नव्वद दोन्ही वेळचे परत करा, आणि ते पोस्टर काढा. मग पुढच्या वेळी फोन ठेवताना "आणखी काही मदत करू शकते का, सर?" असं विचारायला सांगा त्या मुलीला. अजून पहिलीच व्हायची आहे.