दरडीचा अभ्यास वाडीपर्यंत यायला हवा

३० जुलै २०१४. सकाळी माळीणला एसटी घेऊन गेलेल्या ड्रायव्हरला समोर गावच दिसेना. तो मागे फिरला आणि त्याने सांगितलं तेव्हा बाहेर कळलं. दरडीखाली १५१ माणसं गेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला, केरळातल्या वायनाडमधली मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं झोपेतच वाहून गेली. पोलादपूर तालुक्यातल्या डोंगराखाली राहणाऱ्या मला जुलैची अखेर आली की नीट झोप लागत नाही, हे अगदी खरं सांगते.

वायनाडनंतर दोन-तीन आठवड्यांच्या आत भारत, मलेशिया, अमेरिका, स्वीडन, नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या २४ अभ्यासकांनी एकत्र बसून हिशोब मांडला. त्या एका दिवसात १४० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि माणसाने तापवलेल्या हवेमुळे तो सुमारे १० टक्के जास्त होता. दहा टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण डोंगर आधीच भिजून तुडुंब असतो. मातीच्या कणाकणात पाणी दाबून बसलेलं असतं, खालच्या खडकावरची पकड सुटायच्या बेतात असते. अशा वेळी वरून येणारं थोडं पाणीही खूप होतं.

त्याच वायनाडमध्ये ह्यूम सेंटर नावाची कल्पेट्टाची छोटी संस्था आहे. जिल्हाभर दोनशेच्या वर पर्जन्यमापकं, आणि आकडे कळवणारे बरेचसे साधे शेतकरी. तिथल्या पुत्तुमला या ठिकाणचा पावसाचा आकडा बघून त्यांनी आदल्या दिवशीच प्रशासनाला धोका कळवला होता. म्हणजे माहिती होती. ती वाडीतल्या माणसाला घराबाहेर काढण्यापर्यंत पोचली नाही.

परदेशी अभ्यासकांबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं असतात. कुणाला वाटतं ते येऊन सगळं सोडवतील, कुणाला वाटतं ते नुसते आकडे गोळा करायला येतात. मला दार्जिलिंग आणि निलगिरीचं काम महत्त्वाचं वाटतं. २०१६ पासून ब्रिटनच्या निधीतून 'लँडस्लिप' नावाचा प्रकल्प तिथे चालला. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण, आपलं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, इटलीचे संशोधक, आणि सोबत कोटागिरीची कीस्टोन, कालिम्पोंगची सेव्ह द हिल्स अशा तिथल्याच संस्था. किती तासांत किती पाऊस झाला की दरड सुटते, हे त्या त्या डोंगराचं गणित त्यांनी बसवायला घेतलं. त्यातून २०२० पासून पावसाळ्यात या भागात रोजचा दरडीचा अंदाज सुरू झाला. १९ जुलै २०२४ ला कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन अंदाज केंद्रही उभं राहिलं.

१९ जुलै. आदल्या वर्षी याच तारखेच्या रात्री इर्शाळवाडी गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. आणि इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, हे विधानसभेत सांगितलं गेलं. यात नवल नाही. देशभराचा दरडीचा नकाशा १:५०,००० या प्रमाणावर आहे, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. दोन मिलिमीटरच्या ठिपक्यात अख्खी ठाकरवाडी मावते. आमच्याकडे पाऊस मोजणारं स्वयंचलित केंद्रही महसूल मंडळाला एक, आणि मंडळात गावं कितीतरी. २२ जुलै २०२१ च्या त्या दिवशी महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि खाली महाड तालुक्यात तळियेत ८० हून जास्त माणसं गाडली गेली. वरचं ठाऊक, खालचं कुणी मोजायचं?

काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीत एक पथक आलं होतं. दोन परदेशी मुलं, बाकी आपलेच. मुलं खूप मनापासून काम करत होती. शेजारच्या आबांनी त्यांना वर नेलं, वरकसात, म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीत, गेलेली भेग काठी घालून दाखवली. काठी कोपरापर्यंत आत गेली. सागाची झाडं कशी कलली आहेत, पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी पावसाआधीच गढूळ कधी झालं, सगळं सांगितलं. त्यांनी फोटो घेतले, फॉर्म भरले, चहा पिऊन गेले. अहवाल पुढे मला इंटरनेटवर सापडला, इंग्रजीत. आबांची भेग त्यात आहे, व्यवस्थित, अक्षांश-रेखांशांसकट. आबांना मात्र कुणी परत येऊन सांगितलं नाही की ती भेग धोक्याची आहे की नाही. ते अजून विचारतात, "त्या पोरांचं काय उत्तर आलं गो?"

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. अशा अभ्यासाचा परदेशी संस्थांशी कुठलाही करार होताना त्यात एक अट लिहिलेली असावी: निष्कर्ष मराठीत, ग्रामसभेत, पुढच्या पावसाळ्याआधी. आणि वाडीला एक पर्जन्यमापक, वाचणारं माणूस वाडीतलंच, त्याला थोडं का होईना मानधन. ठरलेला आकडा ओलांडला की कुणी कुणाच्या घरी रात्री मुक्कामाला जायचं, हे पोलीस पाटलांच्या वहीत आधीच लिहिलेलं.

तळियेनंतर मी अंगणात पर्जन्यमापक लावलंय. रोज सकाळी साडेआठला आकडा लिहिते, शाळकरी पोरं येऊन वाचतात. या विषयावर सह्याद्रीत काम करणारं कुणी ही पोस्ट वाचत असेल तर वही तयार आहे. भेग दाखवायला आबाही आहेत. फक्त उत्तर घेऊन परत या.