मौजे एकसर, मेट्रो स्थानक

आमच्या सोसायटीच्या मिळकत पत्रिकेवर 'मौजे एकसर, तालुका बोरिवली' असे लिहिलेले आहे. माझे वडील देवगड तालुक्यातून येथे राहायला आले, आम्ही भावंडे येथेच वाढलो, पण त्या कागदाबाहेर हे नाव फारसे कोणी उच्चारत नसे. पत्ता विचारला की आम्ही 'बोरिवली पश्चिम' सांगून मोकळे होत असू. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, मेट्रो २अ आणि ७ या उन्नत मार्गांचा पहिला टप्पा सुरू झाला आणि लिंक रोडवर खांबांवर उभ्या असलेल्या स्थानकावर 'एकसर' ही चार अक्षरे रस्त्यावरूनही वाचता येतील अशी झळकली. आता रिक्षावालेसुद्धा 'एकसर मेट्रो' म्हणतात. पुढच्याच वर्षी, महिला दिनापासून, एकसर आणि आकुर्ली या दोन स्थानकांचा कारभार पूर्णपणे महिला कर्मचाऱ्यांकडे सोपवला गेला तेव्हा हे नाव बातम्यांतही आले.

मेट्रोविषयी बोलताना आपण भाडे, गर्दी आणि सरकते जिने यांविषयी बोलतो. नावांविषयी बोलत नाही. माझ्या मते या दोन मार्गांनी शहराला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट नावे हीच आहे. लोकलची स्थानके दूर दूर असल्यामुळे एकेका स्थानकाच्या नावाने आजूबाजूची कितीतरी गावठाणे गिळून टाकली. मेट्रोची स्थानके साधारण किलोमीटरभराच्या अंतराने आली, तेवढी नवी नावे हवी झाली, आणि साष्टीतल्या, म्हणजे मुंबईची उपनगरे ज्या बेटावर वसली त्या बेटावरच्या, जुन्या गाव-पाड्यांना पुन्हा पाटी मिळाली: कांदरपाडा, मंडपेश्वर, डहाणूकरवाडी, वळनई, ओवरीपाडा, देवीपाडा, कुरार, मोगरा, गुंदवली. मागाठाणे हे तर कान्हेरीच्या शिलालेखातले 'मंगलथान' असावे, असे मानले जाते. मंडपेश्वरला खडकात कोरलेली शैव लेणी आहेत आणि त्यांच्या माथ्यावर पोर्तुगीजकालीन चर्चचे अवशेष आहेत.

एकसरचे तर विचारूच नका. येथील वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, आरमारी लढाई कोरलेली आहे. डोलकाठ्यांची गलबते, त्यांच्या कडेला वल्ह्यांच्या रांगा, आणि वरच्या पट्ट्यांत स्वर्गाला चाललेले वीर. देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या युद्धाचे हे चित्रण असावे, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. पोहण्यात तरबेज असलेला सोमेश्वर सैन्यासह समुद्रात बुडाला, असे यादवांच्या बाजूच्या लेखनात म्हटले आहे. (जिंकणाऱ्याने लिहिलेले आहे, तेव्हा चिमूटभर मीठ आपणच घालावे.) एवढा मोठा प्रसंग ज्या गावाच्या दगडांवर आहे त्या गावाचे नाव आम्ही केवळ मिळकत पत्रिकेत ठेवले होते.

म्हणूनच जेथे हात आखडला गेला तेथे चुटपुट लागते. 'लोअर मालाड' आणि 'लोअर ओशिवरा' ही नावे कोणत्या गावकऱ्याच्या तोंडची आहेत? 'पहाडी गोरेगाव' असे नियोजित नाव असलेल्या स्थानकाचे पुढे 'बांगूर नगर' झाले. पहाडी हे खरेखुरे गाव, ते सरकारी दप्तरात राहिले आणि पाटीवरून उतरले. 'पहाडी एकसर'चे 'शिंपोली' झाले, त्याबद्दल मात्र तक्रार नाही, कारण शिंपोली हेही गावच आहे. भुयारी मेट्रोच्या काही स्थानकांच्या नावांपुढे तर बँका आणि विमा कंपन्यांची नावे जोडलेली आहेत. उत्पन्न हवे हे मान्य. जाहिरातीला भिंती पुष्कळ आहेत.

नाव चुकीच्या जागी ठेवले की माणसेही चुकतात. लिंक रोडवरच्या काही स्थानकांना लोकलच्या स्थानकांचीच नावे 'पश्चिम' जोडून दिलेली आहेत, पण दोन्ही स्थानके एकमेकांपासून बरीच लांब आहेत. माझी देवगडची आत्या कणकवलीहून गाडीने आली आणि मी तिला घ्यायला उशिरा पोहोचणार म्हणून कोणीतरी तिला 'त्याच नावाची मेट्रो' दाखवली. एका हातात आमसुलांची पिशवी, दुसऱ्या हातात कुळथाच्या पिठाचा डबा घेऊन ती भर उन्हात चालत राहिली. मी गाठले तेव्हा ती एका दुकानाच्या पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "नाव गावाचा, मग गाव खंय असा?"

खरे तर कोकण रेल्वेने हा प्रश्न किती साधेपणाने सोडवला आहे! 'राजापूर रोड', 'सावंतवाडी रोड' असे लिहिले की गाव येथे नाही, येथून पुढे रिक्षा किंवा एसटी पाहावी लागेल, हे प्रत्येक चाकरमान्याला समजते. शहरातल्या मेट्रोला तेवढा प्रामाणिकपणा जड जाऊ नये. आणि एकसरच्या तिकीटघराच्या मजल्यावर वीरगळांचे एक मोठे छायाचित्र, त्याखाली चार ओळी आणि गावठाणाकडे जाणारा बाण एवढे असावे, अशी माझी मागणी आहे.

आत्याला मी नंतर एकसरच्या स्थानकावर नेले. सरकत्या जिन्यापाशी ती अडली, म्हणून आम्ही लिफ्टने वर गेलो. फलाटावरून, इमारतींच्या फटीतून, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर दिसला, तो तिला आवडला. परत खाली उतरून आम्ही वीरगळांपाशी गेलो. तिने चपला काढल्या, नमस्कार केला, वल्ह्यांच्या रांगेवरून बोट फिरवले आणि मला विचारले, "हो राजा खयचो?"

"आपल्याच कोकणातलो," मी म्हणालो.