कुत्र्याचं सीबीसी नॉर्मल म्हणजे कॅन्सर नाहीच? कोण म्हणतं?

फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की कुत्र्याचं सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची साधी तपासणी) नॉर्मल असेल तर आतड्याचा कॅन्सर नाहीच, एचबी (हिमोग्लोबिन) कमी म्हणजे गोचीड ताप, पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे इन्फेक्शन, आणि आयर्नचं सिरप दिलं की झालं. एकेक घेऊ.

पहिलं तर सरळ चूक आहे. सीबीसीत रक्तातल्या पेशी मोजतात, आतड्यातली गाठ त्यात दिसत नाही. गाठ असूनही रिपोर्ट चकाचक येऊ शकतो, म्हणून वजन उतरतंय, उलट्या-जुलाब थांबत नाहीत अशा कुत्र्याची सोनोग्राफी करावी लागते आणि नक्की काय ते बायोप्सी किंवा सुईने घेतलेल्या सॅम्पलवरच कळतं.

आता गोचीड ताप. आपल्याकडे तो भरपूर आहे, त्यामुळे शंका आधी तिकडेच जाणार हे मान्य, पण एचबी बघून डॉक्सी (गोचीड तापावरचं अँटिबायोटिक) सुरू करायच्या आधी त्याच कागदावर खाली एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) बघा ना. गोचीड तापाचे दोन प्रकार, एर्लिकिया आणि बबेसिया. एर्लिकियात प्लेटलेट्स बहुतेक वेळा पडतात. बबेसियात लाल पेशी अंगातल्या अंगात फुटतात, म्हणजे त्यांतलं लोह शरीरातच राहतं आणि पुन्हा वापरलं जातं. आतड्यातली गाठ महिनोन्‌महिने थोडंथोडं रक्त गळू देते ना, तेव्हा ते लोह पॉटीवाटे बाहेर जातं, साठा संपला की हाडांतली मज्जा, जिथे रक्तपेशी बनतात, लहान आणि फिकट लाल पेशी बनवायला लागते, एमसीव्ही साधारण 60च्या खाली येतो आणि प्लेटलेट्स उलट बऱ्याचदा वाढलेल्या असतात. अर्थात हे चित्र दिसलं म्हणजे कॅन्सरच असंही नाही हां, पिल्लांमध्ये हूकवर्मने (आतड्यातले रक्त पिणारे जंत) हेच होतं, माणसांच्या पेनकिलरने अल्सर झाला तरी होतं, आणि अकिता, शिबा या जातींचा एमसीव्ही मुळातच कमी असतो.

पांढऱ्या पेशींचं अर्धं खरं. इन्फेक्शनने वाढतात, पण काही ट्यूमरही त्या वाढवतात. इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) वाढले तर आधी जंत बघायचे हे बरोबर, पण जंताचं औषध देऊनही तसेच राहिले तर आतड्याचा टी-सेल लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर) डोक्यात ठेवावा लागतो. क्वचित उलटंही होतं, सीकमच्या (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) काही गाठी एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी बनवायला लावणारं हार्मोन) बनवतात आणि लाल पेशी कमी होण्याऐवजी वाढतात, पीसीव्ही (रक्तात लाल पेशी किती टक्के) 55च्या वर जातो. मात्र तेवढा आकडा डिहायड्रेशननेही येतो आणि ग्रेहाउंडमध्ये तर तो नॉर्मलच असतो.

आणि ते सिरप! माझा खरा राग त्याच्यावर आहे. गळती कुठून होतेय ते न बघता आयर्न दिलं तर एचबी थोडं वर येतं, घरचे निर्धास्त होतात आणि गाठ वाढत राहते. शिवाय आयर्नने पॉटी काळी होते, म्हणजे आतून रक्त जाऊन होणारी डांबरासारखी काळी चिकट पॉटी ओळखायची सोयच गेली. द्यायचंच असेल तर आधी पॉटी तपासून घ्या, आणि लपलेल्या रक्ताची टेस्ट असेल तर त्याआधी तीनेक दिवस मटण-चिकन-कलेजी बंद, नाहीतर खाल्लेल्या मांसामुळेच ती पॉझिटिव्ह येते.