चार भोकं

गुढीपाडव्याला बायकोने हॉलसाठी पडदे आणले आणि ते पिशवीतच राहिले, कारण पडद्याला दांडी लागते, दांडीला ब्रॅकेट लागतात, ब्रॅकेटला भिंतीत भोकं लागतात आणि भोकांना इलेक्ट्रिशियन लागतो. एकूण भोकं चार. इलेक्ट्रिशियन "दहा मिनिटात आलो दादा" म्हणाला ते एप्रिलमध्ये. मे महिन्यात ऊन डोळ्यावर यायला लागलं म्हणून मी खिडकीला जुनी चादर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगली, तर समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींनी बायकोला जिन्यात गाठून विचारलं, घरात कोणाला कांजिण्या आल्यात का गं?

त्या रात्री मी बोलून गेलो, "त्यात काय, आपणच ड्रिल मशीन घेऊ." वायरचं कशाला, कॉर्डलेस घेऊ म्हटलं, आजकाल सगळं तेच आहे. इथपर्यंत मी एक सुखी माणूस होतो.

शनिवारी बोहरी आळीत, म्हणजे पुण्याच्या हार्डवेअरच्या बाजारात गेलो. तिकडे गाडी लावायला जागा मिळणं हा एक वेगळा लेख आहे, तो सोडून देतो. दुकान म्हणजे सहा फूट रुंद आणि आत अंधारात कुठवर गेलंय ते मालकालाच माहीत. या मालकांची एक सवय आहे, तुम्ही काहीही मागा, ते मान वर न करता विचारणार, "नमुना आणलाय?" पुढचं गिऱ्हाईक एक नट मागत होतं, त्यालाही नमुना, त्याच्या पुढचा साखळी मागत होता, त्यालाही नमुना. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "कॉर्डलेस ड्रिल हवंय." या एका वस्तूचा नमुना ते मागू शकले नाहीत, म्हणून त्यांनी त्याहून अवघड प्रश्न विचारला.

"ब्रशवालं की ब्रशलेस?"

आता मला ब्रश म्हणजे दातांचा आणि रंगाचा, हे दोनच माहीत. पण मागे रांगेत चार कारागीर उभे असताना आपलं अज्ञान कोण दाखवणार? मी भुवया आवळून "दोन्ही दाखवा" म्हणालो. दोन्ही सारखीच दिसत होती. एक साडेचार हजाराचं, एक आठ हजार नऊशेचं. फरक काय विचारलं तर मालक म्हणाले, "साहेब, याच्यात कार्बन आहे, त्याच्यात नाही." जास्त पैसे देऊन कमी वस्तू मिळते हे काय पटेना, म्हणून "घरी विचारून येतो" सांगून निघालो. पुण्यात हे वाक्य कोणत्याही वयात चालतं.

कार्बन म्हटल्यावर मात्र गाडीवर बसल्या बसल्या ट्यूब पेटली. कार्बन म्हणजे मिक्सरचा कार्बन! लहानपणी ऐन दिवाळीत चकलीची भाजणी अर्ध्यात असताना मिक्सर बंद पडायचा, आणि बाबा तो उलटा करून त्याच्या पोटातून दोन काळे चौकोनी तुकडे काढायचे, शिसपेन्सिलीच्या बुडख्याएवढे, मागे तांब्याची बारीक वेणी आणि एक छोटी स्प्रिंग. झिजलेला तुकडा कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात द्यायचे, "जा, हा दाखवून असाच जोड आण." म्हणजे नमुना! नवे आले की मिक्सरच्या जाळीतून निळ्या ठिणग्या दिसायच्या आणि पाऊस पडायच्या आधी येतो तसला काहीतरी वास यायचा. तेच हे ब्रश. नाव ब्रश, केस एक नाही.

घरी येऊन वाचायला बसलो आणि तिथे घात झाला. गोष्ट अशी, की ब्रशवाल्या ड्रिलमध्ये लोहचुंबक बाहेर गप्प बसलेले असतात आणि तारांचं वेटोळं मध्ये गरागरा फिरतं. आता फिरणाऱ्या वस्तूला वीज द्यायची कशी, वायर जोडली तर पीळ पडून तुटणार, म्हणून हे कार्बन दोन्ही बाजूंनी त्याच्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासत राहतात आणि चालत्या एसटीला लटकून कंडक्टरने तिकीट द्यावं तशी वीज देतात. त्यात कार्बन झिजतो, ठिणग्या उडतात, मशीन तापतं, आणि बॅटरीतली थोडी वीज या घासाघाशीत फुकट जाते. ब्रशलेसमध्ये उलटा कारभार. वेटोळी बाहेर स्थिर बसतात, लोहचुंबक मध्ये फिरतो, आणि कोणत्या वेटोळ्याला कधी वीज द्यायची हे एक सर्किट ठरवतं. म्हणजे मधला लोहचुंबक हा धोंड्याच्या महिन्यात सासरी आलेला जावई. चहूबाजूंनी पाळीपाळीने त्याला ओढतात, इकडे या, आता इकडे या, त्याने फक्त फिरायचं. घासणारं कोणी नाही, त्यामुळे त्याच बॅटरीत जास्त वेळ चालतं आणि मोटर आकारानेही लहान.

हे मी बायकोला अत्यंत उत्साहाने समजावून सांगितलं. तिने पोळी उलटवत ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे ब्रशवाली मोटर म्हणजे मी. फिरायचंही मीच आणि घासलंही मीच जायचं." मी विषय बदलून व्होल्टवर गेलो.

व्होल्टचं तर विचारूच नका. एका डब्यावर १८ व्होल्ट, दुसऱ्यावर २० मॅक्स, तिसऱ्यावर २१, आणि भाच्याने ऑनलाइन एक काढून दाखवलं त्याच्यावर चक्क ८८ व्हीएफ, अठराशे रुपयांत, सोबत बिटांचा, म्हणजे पुढे लावायच्या भोकं पाडणाऱ्या टोकांचा, खोका फ्री. "मामा, ८८ आहे, ८८!" मी पण हुरळलो. मग कळलं की आत पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात, एकेक ३.६ व्होल्टचा, म्हणजे झाले १८. तेच सेल ताजे फुल चार्ज झाल्यावर ४.२ भरतात, म्हणजे झाले २१. म्हणजे १८, २० आणि २१ ही एकाच माणसाची तीन नावं, घरी बाळू, कॉलेजात बाळासाहेब, पत्रिकेवर चिरंजीव. आणि ८८ म्हणजे काय, तर ८८ हा एक छान आकडा आहे.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका पिंपरीला एका कंपनीत मेंटेनन्सला होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी शिफ्ट सुटलेली नाही. त्यांना लिफ्टमध्ये सहज म्हणालो, ब्रशलेस घ्यावं म्हणतो, आता पंखेपण सगळे बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटरचेच आलेत की, ७५ वॉटच्या जागी ३०-३५ मध्ये काम. काकांनी लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं. "अरे बीएलडीसी ठीक आहे, पण जुन्या पंख्यात तरी कुठे ब्रश होता? इंडक्शन मोटर ती! तुझ्या आजोबांचा पंखा ब्रशलेसच होता." मग अर्धा तास दार अडवून मला सांगितलं की ब्रशवालंच घे, कार्बन ४० रुपयाला जोडी, पाच मिनिटात बदलतो, तुझ्या त्या ब्रशलेसचं सर्किट उडालं की मशीन टाकून द्यायचं. लिफ्टला नंतर खालून तिघांनी शिव्या घातल्या त्या माझ्या खात्यावर.

मेव्हण्याचं मत उलट. "भावजी, २०२५ मध्ये कोणी कार्बनवालं घेतं का?" असं तो ज्या आवाजात म्हणाला त्या आवाजात लोक "तुम्ही अजून धोतर नेसता?" विचारतात. मेव्हण्याकडे स्वतःचं ड्रिल नाही. त्याच्याकडे फक्त मत आहे.

एका रात्री दीड वाजता मी कुठून कुठे पोचलो तर चंद्रावर. ब्लॅक अँड डेकरने बॅटरीवरचं पहिलं ड्रिल काढलं १९६१ साली, आणि पुढच्याच वर्षी, १९६२ ला, विल्सन आणि ट्रिकी नावाच्या दोघांनी ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा शोधनिबंध लिहिला, म्हणजे दोन्ही जवळपास जुळी भावंडं, तरी एका मशीनच्या पोटात यायला कित्येक वर्षं गेली. आणि १९७१ साली अपोलो १५ चा कमांडर डेव्हिड स्कॉट बॅटरीचं ड्रिल घेऊन चंद्रावर भोकं पाडायला उतरला, तर ते ठरल्याइतकं खोल जाईचना, आणि नंतर जमिनीत रुतलेली नमुन्याची नळी बाहेर काढायला दोघा जणांना अंग लावून ओढावं लागलं. (तिथेही नमुनाच!) मला फार धीर आला. अख्खी नासा मागे उभी असून त्या माणसाचे हे हाल, तर मी इलेक्ट्रिशियनची इतके दिवस वाट बघणं अगदीच काही लाजिरवाणं नाही.

मग मी हिशोब केला, जो मी पहिल्या दिवशी करायला हवा होता. आमच्या घरात वर्षाला भोकं किती? फार तर दहा, त्यातली चार लग्नाच्या वाढदिवसाला मिळालेल्या फ्रेमांची. एका भोकाला २० सेकंद. म्हणजे वर्षाला २०० सेकंद मशीन चालणार. म्हणजे एक तास पुरा व्हायला अठरा वर्षं. शनिवारवाड्याचा पाया घातला १७३० साली, त्या दिवशी मुहूर्त बघून मी ब्रशवालं ड्रिल घेतलं असतं आणि दरवर्षी इमानाने दहा भोकं पाडली असती तर आजपर्यंत ते साधारण साडेसोळा तास चाललं असतं. साडेसोळा तासांत कार्बन मरत नाही. पेशवाई गेली, इंग्रज आले गेले, वाडा १८२८ च्या आगीत जळला, आणि माझे कार्बन अजून ठणठणीत. मरेल ती बॅटरी, कारण लिथियमचा सेल वापरा नाहीतर पोटमाळ्यावर ठेवा, तो आपला म्हातारा होतच असतो, आणि रिकामा ठेवून विसरलात तर लवकर जातो. दोन्ही मशीनला बॅटरी तीच! म्हणजे मी तीन आठवडे जिच्यावरून झोप घालवली त्या मोटरीने मला आयुष्यात काही फरक पडणार नव्हता.

एवढं स्वच्छ गणित हातात घेऊन मी बोहरी आळीत गेलो आणि ब्रशलेस घेऊन आलो.

का ते मला विचारू नका. मालक म्हणाले, "साहेब, यात परत कधी कार्बनची कटकट नाही," आणि मागे रांगेत परत चार कारागीर होते. बायकोला मी किंमत सहा हजार सांगितली. भाच्याने तिला खरी किंमत सहा मिनिटांत काढून दाखवली.

मशीन मात्र देखणं. बटण हळू दाबलं की आळस दिल्यासारखं फिरतं, जोरात दाबलं की "झीं" करतं, पुढे छोटा दिवा लागतो. पहिली संध्याकाळ मी ते नुसतं हवेत चालवलं. रविवारी सकाळी चहा घेऊन, स्टुलावर चढून, पेन्सिलीने चार फुल्या मारून, बिट लावून, खाली बायको, भाचा, आणि मोबाईलवर व्हिडीओ कॉलमध्ये मेव्हणा, असं सगळं जमल्यावर बटण दाबलं. प्लास्टरमध्ये ते श्रीखंडात चमचा जावा तसं दीड सेंटिमीटर गेलं. आणि थांबलं. म्हणजे फिरत होतं, पण जात नव्हतं. मी हॅमरची खूण असलेल्या मोडवर टाकलं, कडकडकडकड आवाज आला, खांदा लावला, पोट लावलं, स्टूल हललं, भाचा म्हणाला, "मामा, धूर." बिटाचं टोक निळं पडलं होतं आणि भिंतीला पडला होता फक्त एक खळगा, गालावर पडते तशी खळी.

चंद्रावर निदान मेव्हणा बघत नव्हता.

आवाज ऐकून काका खाली आले. त्यांनी खळीकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, बोटाने भिंत ठोकली. "अरे खिडकीच्या बरोब्बर वर लिंटेल असतो. कॉंक्रीट आहे ते, आत गज. याला ब्रश असो नाहीतर नसो, हे नुसतं दातांवर दात आपटतं, त्याने इथे काय होणार? इथे आतून पिस्टनने ठोकणारं रोटरी हॅमर लागतं." आणि वर जाऊन त्यांनी आपलं मशीन आणलं. हिरवा रंग उडालेला, वायरला तीन ठिकाणी काळी टेप, वजन पाच-सहा महिन्यांच्या बाळाएवढं. प्लग लावला. जाळीतून निळी ठिणगी दिसली आणि तोच वास आला, चकलीच्या भाजणीचा. मला एकदम आठवीत गेल्यासारखं झालं. पहिलं भोक दहा सेकंद. दुसरं, तिसरं. गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू मात्र माझ्या मशीनने बसवले, त्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही हे मुद्दाम नमूद करतो.

चौथ्या भोकाला काकांचं मशीन "घर्र" करून गप्प झालं.

काकांना आनंदच झाला. तिथेच फरशीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी मशीनच्या दोन्ही बाजूंची काळी टोपणं स्क्रू ड्रायव्हरने काढली, आतून स्प्रिंग टुणकन बाहेर आली आणि तिच्या टोकाला चार मिलिमीटर उरलेला काळा तुकडा. "बघ! वीस वर्षांत तिसऱ्यांदा. पाच मिनिटाचं काम." मग त्यांना आठवलं की त्यांचा गुडघा दुखतो आणि बोहरी आळीत जिना नसला तरी गर्दी आहे. त्यांनी तो तुकडा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बांधला आणि माझ्या हातात दिला.

पडदा तीन स्क्रूंवर लटकवून मी गेलो. दुकानात तीच रांग. माझी पाळी आल्यावर म्हटलं, "कार्बनची एक जोडी द्या."

मालक मान वर न करता म्हणाले, "नमुना आणलाय?"

मी खिशातून पुडी काढून काउंटरवर सोडली. त्यांनी तुकडा दिव्याखाली धरला, मागच्या खणातून एक जोडी काढली, दोन्ही शेजारी ठेवून बघितली, जरा जाड आहे, पॉलिश पेपरवर घासून घ्या म्हणाले, चाळीस रुपये घेतले. आणि मग पहिल्यांदाच मान वर केली.

"साहेब, तुम्ही ते ब्रशलेस नेलं होतं ना?"