उतारावरचं गवत, गडग्यावरचे अण्णा

परवा भर दुपारी मी पेट्रोल पंपावर गवत कापायचं मशीन कडेवर घेऊन उभा होतो. पोलिओच्या रांगेत पोर घेऊन उभं राहावं, तसा. बाटलीत पेट्रोल द्यायला बंदी आहे, मशीनच घेऊन या, असं तिथल्या पोराने आदल्या दिवशी सांगून मला सात किलोमीटर परत पाठवलं होतं. आता मशीन नेलं, तर म्हणतो, ‘काका, हे टू स्ट्रोक ना? ऑइल आधी मिक्स करायला पायजे.’

‘कशात करू?’

‘बाटलीत.’

‘बाटलीत देतोस?’

‘बाटलीत बंद आहे.’

शेवटी टाकीत लिटरभर पेट्रोल, त्यावर ४० मिली ऑइल ओतलं आणि अख्खं मशीन पाळण्यासारखं डावीउजवीकडे हलवलं. मागे रिक्षावाले हॉर्न देत होते. एकाने अंगाईही म्हटली असावी, पण तेवढं मी मनावर घेतलं नाही.

घर रत्नागिरी तालुक्यात, उतारावर, वडिलांच्या जागेत. बांधणाऱ्या ठेकेदाराने पुढचं खळं आरशासारखं सपाट करून दिलं आणि उरलेलं सगळं मागच्या परसात लोटून तो निघून गेला. चिऱ्यांचे तुकडे, सळ्या बांधायची तार, सिमेंटच्या पिशव्या आणि एक डाव्या पायाचा गमबूट. हे परसू तीन टप्प्यांनी खाली उतरतं. पावसाळ्यात इथे ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जुलै संपेपर्यंत ठेकेदाराची सगळी पापं कमरेएवढ्या गवताखाली झाकली जातात. त्याला फोन केला की तो ‘पाऊस जरा कमी होऊ दे’ म्हणतो. तीन पावसाळे गेले. गावात ग्रास कटरवाला एकच, आणि गणपतीच्या आधी तो मंत्र्यासारखा वागतो. ‘उद्या येतो’ म्हणतो. त्याचा तो उद्या जूनपासून चालू आहे.

म्हणून मशीन घेतलं. पातं घड्याळाच्या उलट फिरतं, तेव्हा झाप उजवीकडून डावीकडे मारायची, म्हणजे कापलेलं गवत आधी कापलेल्या बाजूला पडतं. उताराला आडवं चालायचं. पात्याची उजवी पुढची कड दगडाला लागू द्यायची नाही, नाहीतर मशीन उलटं उसळतं. दुकानदाराने हे सगळं दुकानातल्या गुळगुळीत लादीवर शिकवलं. इथे लोखंडी पातं लावलं की चिऱ्याला लागून दिवाळी होते. नायलॉनची दोरी लावली की रानमोडीच्या खोडावर तुटून माझ्याच पोटरीवर बसते. दगड मे महिन्यात, गवत नसताना वेचायचे असतात, हे मला दर ऑगस्टमध्ये पटतं.

तर काल सकाळी उघडीप होती. पट्टा अडकवला, गॉगल लावला आणि मागे गेलो. अण्णा गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, आधीच बसलेले होते. अण्णा म्हणजे वरच्या घरातले, वय ऐंशीच्या आसपास, गुडघे गेलेले, नजर शाबूत. त्यांच्या मांडीवर सुपारीचा डबा होता, म्हणजे बैठक लांबची होती.

मी स्टार्टरची दोरी ओढली. मशीन फुर्रर्र करून गप्प.

‘एक,’ अण्णा म्हणाले.

मी पुन्हा ओढली.

‘दोन.’

सातपर्यंत मी दुर्लक्ष केलं. आठव्याला ते म्हणाले, ‘चोक उघडा आहे काय?’

‘नाही.’

‘मग बंद आहे काय?’

‘हो.’

‘मला त्यातलं काही कळत नाही हो. विचारलं आपलं.’

अकराव्याला इंजिन लागलं. पहिला टप्पा निम्मा झाला असेल, तोच अण्णांनी हात वर केला. काहीतरी ओरडत होते. सळी दिसली असेल, साप असेल, म्हणून मी घाईने मशीन बंद केलं.

‘काय झालं?’

‘चहा घेतलास काय?’

‘घेतला, अण्णा.’

‘बरं केलंस. चालू दे.’

चालू कसलं दे! पुन्हा नऊ वेळा दोरी. अण्णांनी मोजणी बारापासून पुढे नेली.

इंग्लंडात १८३० साली स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापायचं पहिलं यंत्र केलं. लोकरी कापडावरची लव भादरायचं गिरणीतलं यंत्र बघून त्याला ते सुचलं. शेजाऱ्यांनी वेड्यात काढू नये म्हणून तो त्याची चाचणी रात्री घ्यायचा म्हणे. पूर्वी वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता वाटतं, बडिंगच्या गडग्यावरही कोणीतरी सुपारी कातरत बसलेलं असणार.

दुसऱ्या टप्प्यावर पुन्हा हात वर. यावेळी मी मान फिरवली. हात खाली येईना. दुसराही वर गेला. मशीन बंद.

‘पायाकडे बघ हो. गेल्या साली तिथे फुरसं निघालं होतं.’

‘कुठे?’

‘तिथेच. तू उभा आहेस तिथे.’

मी माझ्या वयाला न शोभेल अशी उडी मारली. ‘अहो, मग मघाशीच नाही का सांगायचं?’

‘मघाशी तू तिकडे होतास ना!’

याला उत्तर नाही. पंपावरचा पोरगा आणि अण्णा एकाच शाळेत शिकलेले असावेत. मी गमबूट घातले होते ही माझी पुण्याई. (दोन्ही पायांचे, माझे स्वतःचे. ठेकेदाराचा अजून तिथेच आहे.)

तिसऱ्या टप्प्यावर मात्र अण्णा उठून उभे राहिले. गुडघे गेलेला माणूस उभा राहतो तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

‘मेल्या, गौर कापलीस!’

बघतो तर माझ्या डावीकडे जांभळ्या-गुलाबी फुलांचा पाचोळा. तेरडा. सकाळी बायकोने बजावलं होतं, मागच्या कोपऱ्यातला तेरडा गौरीसाठी ठेवायचा, बाकी काय हवं ते कापा. पण फिरणाऱ्या दोरीला तेरडा आणि टाकळा यांत फरक कळत नाही, आणि घाम उतरलेल्या गॉगलमधून मलाही कळला नव्हता.

‘मुळासकट उपटायची असते गौर. अशी मान नाही छाटायची,’ अण्णा म्हणाले. ‘तुझ्या आजीने बघितलं असतं तर!’ मग थोडं थांबून, ‘आणि हे गवत आता गुरांना घालायचं नाही हो. दोरीचे तुकडे पोटात जातात. कोयतीने कापलं असतंस तर भारा तरी झाला असता.’

हे खरं होतं, त्यामुळे जास्त झोंबलं. तीन तास राबून माझ्याकडे जमलं काय, तर पेट्रोलचा वास असलेला हिरवा भुगा, ज्याला गायही तोंड लावणार नाही. कोयतीने कापायला गडी कुठे आहे, हेही अण्णांनी सांगावं. आणि गडग्यावरून ‘असं करायचं नाही’ म्हणायला जो माणूस हजर असतो, तो ठेकेदार डंपर रिकामा करत होता तेव्हा कुठे गेला होता, हे मी विचारणार होतो. विचारलं नाही. त्यांचे दोघे मुलगे मुंबईला, चतुर्थीच्या आदल्या रात्री येतात आणि पाच दिवसांनी जातात. विचारलं असतं तर बोलणं तिकडे गेलं असतं.

बारा वाजता पट्टा सोडला. हात अजून मशीन चालू असल्यासारखे थरथरत होते. वाचलेले तेरडे मोजले: चार. अण्णांनी डबा मिटला.

‘उद्या आमची पायऱ्यांची पाखाडी तेवढी घे,’ ते म्हणाले. ‘पोरं रात्रीची उतरणार, पायाखाली दिसायला हवं.’

‘पेट्रोल संपलंय, अण्णा. पंपावर बाटलीत देत नाहीत.’

‘माझ्याकडे आहे की.’

‘कशात?’

‘बाटलीत,’ अण्णा म्हणाले. ‘दोन आहेत.’